आधी फोन कोणी ठेवायचा

२५ ऑगस्ट, मंगळवार

आईचा फोन लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत लावला, परत लावला — दुसऱ्या कॉलवर! सत्तरीच्या बाईला एवढं कोणाशी बोलायचं असतं? अख्ख्या गावात उरलीत ती मूठभर म्हातारी माणसं.

साथीमुळे गावातली म्हाताऱ्यांची बैठकीची खोली बंद झाली. तिथंच अक्षरवर्ग चालायचा, युन बाई शिकवायच्या. आता तो फोनवर. मंगळवार-गुरुवार, सकाळी. माझा जुना फोन मीच पाठवला आणि मीच इथून ओरडून ओरडून शिकवलं — हिरवं दाब, आई, हिरवं! पण वर्ग अकराला सुटतो. मग दुपारी काय चाललेलं असतं?

२७ ऑगस्ट

कळलं. हसावं की डोकं धरावं!

वर्ग सुटतो, युन बाई जातात, आणि म्हाताऱ्या तशाच फोनसमोर बसून राहतात. कारण योसूवाली. योसू तिचं माहेर, तसं आईचं बोलग्यो, म्हणून आई बोलग्योवाली. योसूवाली अठ्ठ्याऐंशीची, सगळ्यांत थोरली. थोरली उठल्याशिवाय धाकट्यांनी उठायचं नाही, तसा तिनं ठेवल्याशिवाय फोनही ठेवायचा नाही. आणि तिला तर लाल बटण दिसतच नाही! फोन भाताच्या कुकरला टेकवून ती मिरच्या निवडत बसते. म्हणून बाकीच्याही बसतात. पार संध्याकाळपर्यंत.

"ती बसलेली असताना मी कशी उठू?" आई म्हणाली.

वर सांगते, जेवणही समोरासमोर होतं, एकटीनं गिळावं लागत नाही. योसूवालीला डुलकी लागली की सगळ्या हळू बोलतात. मी म्हटलं, फोन तापून फुटेल एक दिवस.

१ सप्टेंबर

वर्गाची लिंक माझ्याकडे आहेच. आज दुपारी कॅमेरा बंद ठेवून आत शिरलो. एकीनं विचारलं, ही काळी चौकट कोणाची? दुसरी म्हणाली, फोनलाच काहीतरी झालं असेल. परत लसूण सोलायला लागल्या.

नोक्तोंगवालीची जीभ पहिल्यापासून तिखट. आईला म्हणत होती, तुझा लेक कपडे बदलावेत तशा नोकऱ्या बदलतो, एखाद दिवशी बायकोही बदलेल, आधी मिळाली तर. सगळ्या हसल्या. आईही हसली. मग म्हणाली, "पण माझा दोक्सू रोज फोन करतो. छुसोकच्या सणाला येणार आहे."

रोज? आठवड्यातून एकदा, तेही आठवलं तर. आणि सणाला येतो असं मी कधी म्हणालोच नव्हतो.

योसूवालीनं मान वर केली. "येऊ दे. तिळाचं सारण भरून सोंगप्यन मी करून घालीन त्याला. लहानपणी माझ्याच दारात तर असायचा."

बाहेर पडलो. कान तापले होते.

३ सप्टेंबर

युन बाईंना निरोप पाठवला. आईचे डोळे दुखतात, फोन तापतो, वर्ग सुटला की फोनवरची ती खोली तुम्हीच बंद करत जा. सगळं खोटं. डोळे चांगले आहेत तिचे. मला फक्त ते बोलणं थांबायला हवं होतं.

बाईंनी वर माझेच आभार मानले!

१० सप्टेंबर

आईचा फोन आता अकरानंतर मोकळा असतो. मी केला नाही.

१५ सप्टेंबर

गावच्या वेशीवर सरपंचानं कापडी फलक लावलाय — मुलांनो, या सणाला येऊ नका, आहात तिथं सुखरूप राहा. आईनंच सांगितलं. म्हणाली, तू नकोच येऊ. मी 'बरं' म्हटलं. फार पटकन म्हटलं. किती पटकन, ते तिलाही ऐकू आलं असणार.

मग म्हणाली, युन बाई हल्ली खोली बंद करून जातात. आमचंच काही चुकलं असेल. फार मोठ्यानं हसायचो आम्ही.

मी म्हटलं, नियम असेल तसा.

२६ सप्टेंबर

योसूवाली पडली. गुरुवारी वर्ग सुटल्यावर, स्वयंपाकघरात. शुक्रवारी दुपारी सरपंच तिची औषधं द्यायला गेला तेव्हा दिसली. जिवंत आहे. सगळी रात्र फरशीवर पडून होती. फोन समोरच, कुकरला टेकलेला.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "खोली उघडी असती तर आम्हाला दिसलं असतं रे."

कामावर दोन खोकी चुकीच्या गाडीत गेली माझ्याकडून. मुकादम सगळ्यांसमोर बोलला. बरं वाटलं.

२९ सप्टेंबर

दवाखान्यात कोणाला भेटू देत नाहीत. हे गोदाम सोडावं म्हणतोय. बुसानला बोटीवर माणसं हवी आहेत. — आणि तिथं गेलो की काय? तिथंही मीच असणार.

१ ऑक्टोबर, छुसोक

आईचं खोकं आलं. तिळाचं तेल, मिरचीची पूड, तांदळाचे सोंगप्यन. एरवी पत्ता सरपंच लिहून देतो. या वेळी तिनं स्वतः लिहिलाय. माझ्या नावातलं एक अक्षर आडवं पडलंय, पण खोकं पोचलं.

एक सोंगप्यन तोंडात टाकला. फोन लावला आणि सांगून टाकलं — खोली मी बंद करायला लावली. का, तेही सांगितलं. तू माझ्याबद्दल सांगायचीस ते ऐकवत नव्हतं म्हणून.

तिच्या मागं कुत्रं भुंकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

खरं तर मोठ्यांनी आधी ठेवायचा असतो. पण आई कधीच ठेवत नाही, मी ठेवेपर्यंत थांबते. आणि मी तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवतो! आज मीच थांबलो. काही झालं तरी ठेवायचा नाही असं ठरवून, कानाला लावून उभा राहिलो.

तिनं ठेवला.

६ ऑक्टोबर

उचलत नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी निरोप आला. आईनं स्वतः लिहिलेला, पहिलाच. खाली वर्गाची लिंक.

"थोरली घरी आली. खोली आता उघडी असते. अकरानंतर ये. तोंड दाखव. मी सांगितलं नाही. तू सांग."

दाढी करून बसलोय.