जिन्यातला फोटो

सुशांतदादा,

तुझा पत्ता आहे माझ्याकडे, तरी हे पत्र टाकणार नाही.

नाहूरच्या आपल्या म्युनिसिपल शाळेने नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो जिन्यात लावलेत. तूही आहेस, कॅनडातला मोठा शास्त्रज्ञ. वर्धापनदिनाला कुणीतरी जिवंत-मेलेले न बघता सरसकट सगळ्यांना हार घातले.

मतदानाला आईला तिथेच नेलं. तुझ्या फोटोवरचा सुकलेला हार बघून ती पायरीवरच मटकन बसली. "कधी गेला गं? मला सांगितलं का नाही?"

चार वर्षं तुझा फोन नाही. रोज संध्याकाळी मोबाइल मांडीवर घेऊन बसायची ती. मी म्हटलं, "मागच्याच महिन्यात, आई. तिकडेच सगळं केलं."

आठवडाभर रडली. आता मोबाइल कपाटात असतो आणि तिला झोप लागते. आता येऊबिऊ नकोस, घाबरेल ती.

तिच्या हट्टापायी गच्चीत तुझ्या नावाचा भात ठेवला. मला वाटलं, कावळा शिवायचाच नाही, तू जिवंत आहेस ना! पण ठेवल्या ठेवल्या शिवला. तुझा जीव इथे कशातच अडकलेला नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

तुझ्या पश्चात,
तुझी बहीण ऋतिका