माळाच्या चित्रांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून देण्याच्या नोकरीतून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू पाहणारे थोरले बंधू (यापुढे ‘दादा’) यांना मी चहासुद्धा न विचारता परत पाठवलं आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण विचार करून.

राहत्या दोन खोल्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला, द्याव्यात. अंमलबजावणीही तिनेच करावी. ती बापाच्या वळणावर गेली नाही, एवढं कारण पुरेसं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला मी वर्षानुवर्षं ब्रश पुसले आहेत, ते डाग माझी आठवण म्हणून ठेवू नयेत. भिंत घाण दिसते.

बँकेत जे असेल ते धाकट्या बहिणीच्या औषधपाण्यासाठी.

ब्रश, सुऱ्या आणि टर्पेंटाइनचे डबे फ्रेमवाल्याला. त्याने एकदा चौकटीत बसत नाही म्हणून माझ्या चित्राची कड झाडासकट कापली होती. नंतर ती पट्टी पेपरात गुंडाळून, मान खाली घालून परत आणून दिली, म्हणून माफ केलं.

आता चित्रांचं. आमचं घर उघड्या माळावर होतं. तांबूस खडकाळ उतार, काटेरी झुडपं आणि खाली म्हशी बसायच्या ते डबकं. वडील गेल्यावर दादाने सगळं खडीवाल्याला विकलं, आईला विचारलंसुद्धा नाही. तिथे आता उतार नाही, नुसता खड्डा आहे. तेव्हा मी बारा वर्षांची होते, धाकटी चार. तो माळ मला अजून विसरता आलेला नाही. म्हणून सुटीच्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, तोच रंगवत बसले. पद्धत दुकानातलीच. छटा डब्याच्या झाकणावर फासायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मगच पसंत करायची, कारण ओला रंग भलताच दिसतो. त्या मातीचा तांबडा जमेपर्यंत झाकणांचा ढीग झाला. डबक्याचा रंग शेणाच्या जवळचा होता, तो मी तसाच ठेवला.

सगळ्यांत मोठं चित्र मी मूर्खासारखं दादाला त्याच्या नव्या घरात टांगायला दिलं. मालकी माझीच राहील असं मात्र लिहून घेतलं, कारण त्याला मी ओळखून आहे. त्याचा सोफा निळा. भिंती रंगवायला आलेल्या माणसाकडून त्याने माझ्या डबक्याचं निळंशार तळं करून घेतलं आणि त्यात दोन पांढरे राजहंस सोडले. वर म्हणतो, “अगं, दिवाणखान्यात डबकं कोण बघतं? आता कसं प्रसन्न वाटतं.” आधी जमीन विकून खाल्ली, मग तिच्या चित्रालाही सोडलं नाही. शिसारी येते मला त्या माणसाची. त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

मागच्या महिन्यात मी पातं आणि टर्पेंटाइन घेऊन त्याच्याकडे गेले, ते पक्षी खरवडून काढायला. धाकटी आता तिथेच असते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा पलंग चित्रासमोर टाकला आहे. बोलणं नुकतं कुठे परत येतं आहे. माळावरचं घर तिला कधीच आठवलं नाही आणि त्याचं तिला जन्मभर वाईट वाटत आलं. आम्ही जुन्या गोष्टी काढल्या की ती उठून आत जायची. मी स्टुलावर चढले तशी तिने हाक मारली आणि राजहंसांकडे बघत, एकेक शब्द शोधत म्हणाली, “ताई, मला आठवलं. मी त्यांना तुकडे टाकायचे. ना?”

दादा दारात उभा होता. त्याच्या देखत मला बोलावं लागलं.

“हो,” मी म्हटलं. “आणि ते फक्त तुझ्याच हातून खायचे.”

सबब, ते चित्र आहे तसं धाकटीच्या मालकीचं करत आहे. ते तिच्या समोरून हलवू नये आणि त्यावर कोणी पातं चालवू नये. बाकीची सगळी चित्रं पुतणीने कुलपात ठेवावीत. धाकटी आहे तोवर त्यांतलं एकही तिच्या नजरेस पडू देऊ नये. खरं घर कसं होतं हे जो कोणी तिला सांगेल, त्याचा या मृत्युपत्रातला हिस्सा रद्द होईल.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहून, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यासमोर सही केली आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. रंगाच्या दुकानाचे मालक (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही, चष्मा विसरल्यामुळे रेघेच्या खाली)

ठिकाण: राहत्या खोलीत, खिडकीजवळ
तारीख: सोमवार, ९ मार्च