न धुतलेला स्वेटर

प्रिय वेनान्सियो,

सोबतचे पुडके उघडण्याआधी हे पत्र पूर्ण वाच.

लिमात माझे वर्ग नेहमीसारखेच चालू आहेत. परवा भीतीचा पाठ शिकवला. किती सुरेख रचना आहे ही! माणूस दचकला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथींना निरोप धाडतो; त्यांचा स्राव रक्तात उतरतो, हृदय धावू लागते, भूक मावळते. धोका टळल्यावर हे सारे शमायला हवे. काहींचे शमत नाही. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “बाई, आमची आजी याला ‘सुस्तो’ म्हणते. जीव घाबरून तिथंच राहतो, नि माणूस रिकामाच घरी येतो.” वर्ग हसला. मला हसता आले नाही.

पूल कोसळून आईच्या डोळ्यांदेखत खेचर वाहून गेले, आणि तिचे अन्नच तुटले. मी तिला तपासण्यांसाठी इथे आणले. तू फोनवर म्हणालास, “ताई, तिचा जीव नदीवर अडकलाय. तिच्या अंगावरची शाल पाठव, हाक मारून परत आणतो.” मी तुला अर्धा तास ग्रंथी समजावल्या. तू हट्ट सोडेनास, तेव्हा शाल पाठवली. आपल्या घरची वस्तू गावात मळकी दिसू नये म्हणून साबणाने धुऊन, इस्त्री करून. ती हुंगून कासिमिरा मावशी म्हणाली म्हणे, “शिकलेल्या लेकीनं आईलाच धुऊन काढलं की! आता तो जीव ओळखणार कुणाला, साबणाच्या वडीला?” तरीही तू संध्याकाळपर्यंत हाका मारल्यास. नवव्या दिवशी आई गेली.

वास इतर संवेदनांसारखा वळसा घेत नाही, थेट भीतीच्या आणि आठवणींच्या घरात शिरतो, हे मी वीस वर्षे फळ्यावर काढते आहे. शाल पाण्यात बुडवताना मात्र ते मला आठवले नाही. धुतली नसती तर आई वाचली असती, असे मी म्हणत नाही. पण तू मला एका शब्दानेही बोलला नाहीस, वेनो. बोलला असतास तर बरे झाले असते.

गावी दफनाच्या वेळी तू तीच शाल तिच्या पेटीवर पसरलीस. साबणाचा वास आला, आणि माझ्यातले काहीतरी तिथेच थांबले. चार महिने झाले. घास उतरत नाही, झोप येत नाही. माझे सगळे अहवाल निर्दोष आहेत. पुडक्यात माझा स्वेटर आहे, तीन आठवडे अंगावरचा. धुतलेला नाही. तो घेऊन आईच्या कबरीपाशी जा आणि मला घरच्या नावाने हाक मार. फ्लोरिंदा म्हणू नकोस. त्या नावाने मला फक्त विद्यापीठ ओळखते.

वाट पाहणारी, तुझीच
फ्लोरचा