राजधानी नसलेला तलाव

धानोरा तालुका,
१९ मे २०२५

डोमाभाऊ,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, गोकुळाचा, वाकून नमस्कार. कमळावहिनीलाही सांग. मी खुशाल आहे, गुडघा मात्र माझं ऐकत नाही. सिरोंच्यात गोदावरी कितपत उतरली? वहिनी आता तेलुगूत भांडते असं तिच्या बहिणीकडून कळलं. बरं वाटलं. भांडण जमलं की माणूस तिथला झाला म्हणायचा.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. हे फाडशीलही, पण वाचल्याशिवाय नाही. तुला मी लहानपणापासून ओळखते.

भाऊ, तलाव एक झाला! काल रविवारी गावाच्या तिन्ही टोल्यांनी, सगळ्या वस्त्यांनी मिळून मासे काढले. बोडीटोला, मोहटोला आणि आपला बांधटोला, सगळे एकाच पाण्यात, एकमेकांची जाळी ओढत. मी बांधावर उभी राहून रडले. वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली, आता कुणाला लाजायचं?

तू गेल्यावर इथे काय वेडेपणा झाला, ते तुला कुणी सांगितलं नसेल. निवडून आलेल्याला बाकीचे मानेनात, आणि मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष कोणत्या टोल्याचा, हे काही केल्या ठरेना. मग शहाण्यांनी तलावच वाटला. बांबूच्या ताट्या ठोकून तीन भाग केले आणि ज्यानं त्यानं आपापलं माशांचं बीज सोडलं. दिवाळीपर्यंत सगळे खूश. एप्रिलमध्ये पाणी उतरलं, तसा बोडीटोल्याचा भाग कोरडा पडला, मोहटोल्याचा चिखल झाला, आणि पाणी उरलं ते फक्त आपल्या बाजूच्या डोहात. ताटीपलीकडचे मासे डोहाकडे तोंड करून मेले. महिनाभर गावाला वास होता. पुढच्या वर्षी ताट्या मोडल्या, डोकी फुटली, प्रकरण ठाण्यात गेलं. आणि तीस वर्षं पोरांना उतार नि पाणलोट शिकवलेली मी घरात गप्प बसून राहिले. का, ते पुढे सांगते.

यंदा शाळेच्या सामान्यज्ञानासाठी जगाचा नकाशा चाळत होते. पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ नावाचा प्रदेश सापडला. माशीनं ठिपका टाकावा एवढा. तीन बेटं, मिळून दीड हजार माणसं. विमान उतरत नाही, सामोआहून बोटीनं दिवस-रात्र घालवून जायचं. प्रत्येक बेट म्हणजे जमिनीचं कडं, आणि कड्याच्या आत निळा तलाव. मी आपल्या तलावाचा नकाशा शेजारी काढला. मधे पाणी, काठानं टोले. पेन्सिल खाली ठेवली आणि किती तरी वेळ बघत बसले.

पण भाऊ, खरी गंमत पुढेच आहे. त्यांना राजधानीच नाही! प्रत्येक बेटाचा कारभार जाणत्यांची पंचायत बघते, आणि तिन्हींचा मुख्य दर वर्षी बदलतो. एक साल या बेटाचा, पुढचं त्या बेटाचा.

मार्चच्या ग्रामसभेत मी उठले आणि चुन्यानं जमिनीवर ती बेटं काढली. फुकटचा मोठेपणा सांगितला नाही. त्यांच्यावर न्यूझीलंडचं राज्य आहे, स्वतःचं राज्य हवं का म्हणून दोनदा मतदान झालं आणि दोन्हीदा थोडक्यात राहिलं, हेही सांगितलं. लोक ऐकत होते.

"आन् साल झाल्यावर तो मुख्य खुर्चीवरून उठते का?" कुणीतरी विचारलं.

"उठतो."

"मंग ते मानसं नाईत बाई, देव हायेत!"

सभा हसली. मग मोहटोल्याच्या लटारूभाऊनं विचारलं, "मासे कोन वाटते तिथी?"

मी म्हटलं, "सगळ्यांनी मिळून धरलेले मासे काठावर एकत्र ठेवतात आणि घराघराचे वाटे पाडतात. पाण्यात कोण उतरलं, कोण नाही, हे विचारत नाहीत. म्हातारी, आजारी, विधवा, सगळ्यांना वाटा."

आपल्या टोल्याचा बुधू तडकला. "डोह आमच्या बाजूनं हाये. आमी काऊन वाटाचा?"

"डोह आपला, बुधू, पण पाणी बोडीटोल्याच्या नाल्यातून येतं. त्यांनी नाला वळवला, तर डोहात काय धरशील? बेडूक?"

तो बसला. तेवढ्यात बोडीटोल्याची रुखमाबाई उठली. सभेत ती कधी बोलत नाही. "माहा नवरा याच तलावात जाळं टाकताना बुडला. तवापासून मले एक मासोळी नाई भेटली. त्या बेटाचं नाव मले बोलता येत नाई, पन तो कायदा इथी आना."

 मग एकेक हात वर होत गेला. शेवटचा बुधूचा.

काल बांधावर पळसाच्या पानांवर एकशे त्रेचाळीस वाटे मांडले. रोहू, कटला, मरळ. तुझ्या कुलूपबंद घराचाही वाटा पडला. तो मी आणला आणि खाल्ला. मरळ होती, कालवण झकास झालं. पहिल्या सालची अध्यक्ष रुखमाबाई. शेवटचा वाटा पडेस्तोवर ती उन्हात उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

आता दोन पानं ज्याच्याभोवती फिरते आहे, ते लिहिते.

पाच वर्षांपूर्वी अध्यक्षाच्या निवडणुकीत तू एका चिठ्ठीनं हरलास. मोहटोल्याची मतं फोडून लटारूनं दगा दिला म्हणालास. तुझा जिवाभावाचा दोस्त, त्याच्या अंगणात उभा राहून त्याला नाही नाही ते बोललास आणि दुसऱ्या दिवशी जाळी बांधून निघून गेलास.

ती चिठ्ठी लटारूभाऊची नव्हती. माझी होती.

त्या सकाळी रुखमाबाई पातेलं घेऊन बांधावर उभी होती. मी म्हटलं, भाऊ, दे तिला चार मासे. तू म्हणालास, "पान्यात उतरली का ते? मंग वाटा कायचा?" अकरा वर्षं अध्यक्ष राहून तलाव तुला तुझ्या परसातला वाटायला लागला होता. मी घरी आले, चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव लिहिलं आणि मडक्यात टाकली. नंतर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. बोलले असते तर तू कायमचा तुटला असतास. म्हणून गप्प बसले, आणि तू तसाही तुटलासच.

काल वाटे झाल्यावर मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. लटारूभाऊ जाळं झटकत होता. वर न बघता म्हणाला, "मले मालूम होतं बाई. चिठ्ठ्या मीच मोजल्या. तुमचं अक्षर माह्या पोरीच्या वहीत रोज पाहो मी."

"मग सांगितलं का नाही? पाच वर्षं शिव्या खाल्ल्या!"

"मी दोस्त होतो, दुसरा भेटला असता त्याले. बहीन एकच हाये."

भाऊ, असा माणूस तू अंगणात उभा राहून तोडलास. आणि मी तुला तोडू दिलं.

पुढचं साल आपल्या टोल्याचं. मान तुलाच मिळेल असं सांगून बोलवत नाही. चिठ्ठ्या पडतील, ज्याचं नाव येईल तो बसेल आणि साल संपलं की उठेल. पण तू ये. आधी लटारूभाऊच्या अंगणात जा, मग माझ्याकडे. रागावलेला असलास तरी चालेल. लपवलं, त्याची माफी मागते. चिठ्ठीची मागत नाही.

रुखमाबाईसाठी एकदा तुझ्याविरुद्ध गेलेली, आणि वेळ आली तर पुन्हा जाईल अशी,

तुझी एकुलती एक बहीण,
गोकुळा