चढाईचा पगार

८ नोव्हेंबर १९८२
उस्मानाबादपासून फुटून लातूर जिल्हा होऊन तीन महिने झाले. म्हणजे आता जिल्ह्याचा पहिला कॉलेज कबड्डी संघ निघणार. निवड २० जानेवारीला. उस्मानाबादवाल्यांनी आजवर मला डावललं. आता कॅप्टन मीच, दुसरा आहे कोण?
संकल्प : पहाटे पाचला उठणे. दोनशे बैठका.

९ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ
आत्ता उठलो. बैठका मारल्या की घाम येतो, घाम आला की आंघोळ लागते. हॉस्टेलला टँकर चार दिवसांनी. दुष्काळात पाणी नासणं बरं दिसत नाही. बैठका रद्द. देशाचाही विचार करावा लागतो.

१९ नोव्हेंबर
उदगीरच्या संघाला हरवलं. बक्षीस : प्रत्येकी दोन केळी. हलगीवाल्याला पैसे, मांडववाल्याला पैसे, पंचांना भत्ता. टाळ्या वाजवणाऱ्या प्राचार्यांना तर पगार. ज्याचे गुडघे फुटले तो केळी खातो. आमचे क्रीडाशिक्षक चंद्रप्पा सर म्हणाले, खेळ हौसेचा असतो. सरांचा पगाराचा स्केल मात्र हौसेचा नाही.
मी तीन चढाया केल्या, तिन्हींत बाद. मैदानावर पाणी मारलं नव्हतं, पाय सरकला. पंढरीने आठ गुण घेतले. देवणीचा आहे, बैलासारखा घुसतो. डोकं नाही.

२ डिसेंबर
मागणीपत्र लिहिलं. खेळाडूला महिना दोनशे, नाहीतर संप. सगळ्यांनी सह्या केल्या, फक्त पंढरीने नाही. म्हणाला, "अण्णा, सर मला रोज घरून दोन भाकरी आणतेत. खेळ सुटला तर गावाकडं खडी फोडायला जावं लागंल."
स्वार्थी पोरगा. भाकरी हासुद्धा पगारच, हे त्याला कळत नाही. मी सांगितलंही नाही.

१२ डिसेंबर
संप. नांदेडच्या संघाशी सामना होता. ठरल्याप्रमाणे खोलीतून हललो नाही. संध्याकाळी कळलं, बाकी सगळे गेले होते. चौदा गुणांनी जिंकले. एवढ्या फरकाने आपण कधीच जिंकलो नव्हतो. नांदेड फारच ढेपाळलंय.
माझी उणीव सगळ्यांना जाणवली असणार. कुणी बोललं नाही इतकंच.

३ जानेवारी १९८३
विजय! प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला. मागणी रास्त आहे म्हणाले. महिना दोनशे दहा. दहा जास्तच! फक्त ग्रँटमध्ये खेळाडूची पोस्ट नसते, म्हणून मस्टरवर शिपाई म्हणून नाव घालायचं. मी लगेच ओळखलं. रेल्वेत, पोलिसात असंच चालतं. कागदावर शिपाई, काम कबड्डी.
चंद्रप्पा सरांनी दोनदा विचारलं, नीट विचार केलास का. जळतात. क्लार्कने आणखी एक अर्ज पुढे केला, विद्यार्थी म्हणून नाव कमी करण्याचा. सही ठोकली. ऑफिसच्या भानगडी ऑफिसने बघाव्यात.
चाकूरला बाबांना पत्र टाकलं : दुकानात बसायला येत नाही, क्रीडा विभागात नोकरी लागली.

१७ जानेवारी
खाकी कपडे मिळाले. घंटा वाजवायला सांगतात. वाजवतो. मनगटाला व्यायाम होतो. निवड झाली की बंद करू.

२० जानेवारी, संध्याकाळ
बनियन-चड्डी घालून निवडीच्या रांगेत पहिला उभा राहिलो. नावं पुकारली. माझं नाव नव्हतं. पुन्हा वाचायला लावली. नव्हतंच. सरांनी बाजूला घेतलं. "निवड विद्यार्थ्यांचीच असती, मन्मथ. मस्टरवरला माणूस खेळत न्हाई. तवाच इचारलो होतो न्हवं तुला?"
मग प्राचार्यांनी निरोप पाठवला, शिपायाला कपडे घालायला सांगा.
मैदानावर मारायला मेसची भांडी धुतलेलं पाणी ठेवलं होतं. दोन बादल्या. मीच मारलं. धूळ चांगली बसली. कुणाचाही पाय सरकला नाही.
पंढरी कॅप्टन झाला. दोन डावांच्या मध्ये धापा टाकत माझ्याकडे आला. मला वाटलं, पाया पडतो. पण कॉलेजात सगळ्या शिपायांना म्हणतात तसंच म्हणाला, "मामा, पाणी द्या की." चेष्टा नव्हती. खाकी बघून सहज तोंडातून गेलं.
दिलं. ग्लास विसळून ठेवला आणि घंटेच्या खोलीत जाऊन रडलो.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. टँकर येतो.