सड्यासाठी जनसंवाद

४ जानेवारी, सकाळी
सव्वीसच्या ग्रामसभेत सड्यावरच्या, म्हणजे गावालगतच्या कातळपठारावरच्या, चिरेखाणीला परवानगीचा ठराव येतोय. पत्रकं कोणी वाचत नाही. कलेतूनच जनसंवाद होतो, हे पस्तीस वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केल्यावरचं माझं ठाम मत. संकल्प : पथनाट्य. लेखक, दिग्दर्शक आणि कातळ : मी.

५ जानेवारी
सड्याखालची जानकीकाकी आली. म्हणाली, "खाण झाली आणि माजी बावडी आटली तर मी पाणी खंयसून हाडू?" म्हटलं, काकी, विहिरीबाबत निश्चिंत राहा, नाटक येतंय. जरा वेळ बसली आणि गेली.

९ जानेवारी
तालीम. शेजारचा आंतोन व्हायोलिन वाजवणार. त्याला लग्नाची आणि मयताची गाणी येतात. कातळासाठी मयताचं घेतलं. बारदानाच्या कॉस्च्यूमनं पाठ खाजते. फार थकलोय. कलावंतानं थकून चालत नाही. दुपारी तीन तास झोपलो.

१२ जानेवारी
पहिला प्रयोग, तिठ्यावर. प्रेक्षक अकरा, पैकी सात एसटीची वाट बघणारे. एसटी नेमकी आजच वेळेवर आली. शेवटी खुली चर्चा होती. काजूवाल्या यशोदाबाईंचा एकच प्रश्न : "मास्तरांनु, तुमच्या नव्या कंपाउंडाचे चिरे खंयसून इले?" विषयांतर. चर्चा आवरती घेतली.

१३ जानेवारी
पाठ धरली आहे. पडून चिंतन. काल सुरुवातीला देवळाचे मानकरी बाबली गावकरांनी प्रथेप्रमाणे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, तेव्हा प्रत्येक मागण्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडले. म्हणजे लोकांना बोलायचंय! माझा फॉर्म चुकला. अख्खं नाटक गाऱ्हाण्यात बसवतो. शिवाय गाऱ्हाण्यात कोणी प्रश्न विचारत नाही.

१९ जानेवारी
दुसरा प्रयोग, देवळासमोर. साठ माणसं! "आमचो सडो राख!" "व्हय म्हाराजा!" "खाण नको!" "व्हय म्हाराजा!" बत्तीस वेळा. मोजलं. शंभर टक्के पाठिंबा. सौ. म्हणाली, ती तेंची सवय आसा. तिला लोककला कळत नाही. काकीला निरोप धाडला : काम झालं.

२३ जानेवारी
रोज सकाळी "व्हय म्हाराजा"चा रियाज. प्रेक्षकांत पहिला आवाज देणारा कोणीतरी लागतो. घसा बसलाय. हळद-दूध.

२६ जानेवारी, दुपारी
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. विरोधाचं भाषण चार पानी, खिशात. खाणवाल्यानं आधी नारळ ठेवला. बाबलींनी त्याच जोरात गाऱ्हाणं घातलं : हेंच्या खाणीक यश दी, पोरांका काम दी. "व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला. सरपंच म्हणाले, एकमतानं मंजूर. टाळ्या. सभा संपली, चहा आला.

आंतोनचं म्हणणं, सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी म्हटलं, शक्य नाही. मग आठवलं. जानकीकाकी भिंतीला टेकून बसली होती. सगळ्या हॉलात ती एकटी गप्प होती.

२७ जानेवारी, सकाळी
काकी आली. शिव्या खायची तयारी ठेवून अंगणात गेलो. शिव्या दिल्याच नाहीत. तिनं हळूच विचारलं, "मे महिन्यात तुमच्या बावडेचा पाणी न्हेलंय तर चलात? दोनच कळशे."

एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. सौ. आतून म्हणाली, "न्हे गो काकी, इचारतंस कित्या?"