उजव्या टोकाचा शिकंजा

आप्पा, तुमचं टेबल मी विकत घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलं असेल असं वाटलं नव्हतं. अथालच्या रस्त्याला एक जण जुनं सामान विकतो, त्याच्याकडे मी कपाट बघायला गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये, टायर आणि मोडक्या कूलरखाली, सुतारकामाचं ते लांबलचक टेबल पडलं होतं. "पोर्तुगीज टाइमनुं छे, बेन," तो म्हणाला. तो प्लास्टिकची खुर्चीही पोर्तुगीज म्हणून विकेल, पण या वेळी चुकून खरं बोलत होता. तुमच्या शेठनं कारखाना घातला तेव्हा हे टेबल पोर्तुगीज राजवटीतल्या कुठल्याशा मिस्त्रीच्या घरून आणलं, असं तुम्हीच सांगायचात. कोपऱ्यावर लाकूड चिकटवायच्या सरसाच्या गरम भांड्यानं पडलेला गोल काळा डाग तसाच होता. डाग दिसला आणि मी कपाटाचं विसरले.

तुमच्या कारखान्यात बायकापोरांना एरवी येऊ देत नसत. खंडेनवमीला तेवढी मुभा होती. हत्यारं धुऊन, तेल लावून या टेबलावर मांडलेली असायची, वर झेंडूची माळ, आणि त्या दिवशी कोणी हत्यार उचलायचं नाही. म्हणजे मी तुमचे रंधे पाहिले, पटाश्या पाहिल्या, पण तुम्हाला काम करताना जन्मात पाहिलं नाही. घरी तर तुम्ही साधा खिळा ठोकत नव्हतात. आईचा पाट वर्षानुवर्षं डुगडुगत राहिला. एका खंडेनवमीला शेठ म्हणाले, पोरीच्या हातानं कुंकू लावा. मी पुढे झाले आणि डावा हात कुंकवात बुडवला. तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका मारलात की कुंकू टेबलभर सांडलं. "उजवा हात काय कोणाले भाड्यानं दिला का?" तुम्ही म्हणालात. सगळे कारागीर हसले आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही हसलात. मारलेलं मी विसरले असते, हसलेलं विसरत नाही.

स्वयंपाकघरातलं तर रोजचंच. मी जेवायला बसते आहे. तुम्ही लाकडावर रेघ मारायचा दोरा आणता, कावेत बुडवून बुडवून लाल झालेला, आणि माझा डावा हात पाठीमागे बांधता. मग ताट पुढे सरकवता. आई वरण वाढते आणि माझ्याकडे बघत नाही. "पोरीची जात आहे. उद्या दुसऱ्याच्या घरी डाव्या हातानं वाढशील, तर नाक माझं कापलं जाईन," तुम्ही म्हणता. मनगटावर कावेचं लाल कडं उमटायचं आणि ते तसंच शाळेत जायचं. वर्गात सगळ्यांना कळायचं की हिला काल बांधलं होतं. चित्रं मात्र मी लपून डाव्या हातानं काढायचे, आणि चांगली काढायचे. चित्रकलेच्या गुरुजींनी परीक्षेला बसवायचं ठरवलं, तर तुम्ही शाळेत येऊन त्यांना बजावलंत की हिच्या उजव्याच हातात ब्रश द्या. गुरुजींनी तुमचं ऐकलं. त्या परीक्षेत मी काय दिवे लावले ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिण्यात नोकरी संपली, तीही उजव्या हातानं, गचाळ अक्षरात. लग्नात तुम्ही कारखान्यातून शिसवी पोळपाट बनवून आणलात. लाटायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे तुमची हरकत नसावी.

टेबल माझ्या डोकमर्डीच्या घरी, दारापुढच्या ओट्यावर आणून ठेवलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, वरती ग्लास टाक ना, डायनिंग टेबल एकदम मस्त बनेल." मी तिला म्हटलं, आधी ते काय आहे ते तरी बघू दे. ग्रीस आणि रंगाचे थर निघेनात. काचेच्या तुकड्यानं खरवडत बसले, हात सोलवटले. एका पायाला वाळवी लागली होती, तेवढा भाग कापून नवा सागवानी तुकडा जोडून घेतला. लाकूड धरून ठेवणारा शिकंजा आणि त्याचा लाकडी स्क्रू सोडवून धुतला, त्याला मेण चोळलं. मग अळशीचं तेल पाजलं, तेव्हा कुठे सागाच्या रेषा वर आल्या, आणि डाव्या टोकाला एक गोष्ट दिसली. तिथे पूर्वी शिकंज्याचं भोक होतं. कोणीतरी ते लाकडाचा गुटका ठोकून बुजवलं होतं, इतकं बेमालूम, की नखही अडकत नव्हतं. शिकंजा तिथून काढून उजव्या टोकाला नेलेला होता. चांगली जागा सोडून एवढा खटाटोप कोणी आणि का करावा, ते मला कळेना.

म्हणून रांधा गावाला गेले. तुमच्या जोडीला काम करणारे काका अजून आहेत, डोळे अधू झालेत, पण मोबाइलमधला त्या बुजवलेल्या टोकाचा फोटो डोळ्यांजवळ धरून त्यांनी लगेच ओळखलं. "आ तर तुझ्या बापानं केलं. मीच पकडून ऊभो होतो."

"पण का?"

"अरे, डाबोडी होता ने. डावखुरा. डाव्या हातानं रंधा मारायचा, आपल्याला डावीकडे लागतो, त्याला शिकंजो उजव्या बाजूला जोईए. तुला खबर नथी?" मग तेच पुढे म्हणाले, "शेठ पहिला नाय बोलला. पण तुझा बाप अडून बसला, की मला आ हातानंच काम येतं. मग शेठनं त्याचं काम बघितलं ने बोलला, कर तुझ्या मनासारखं. आधी होता तिथे बहु हसायचे त्याला. जोडीला करवत खेचायला कोणी ऊभं नाय राहायचं. तिथून काढून टाकलेला."

ते काका तुमच्याविषयी मला दया वाटावी म्हणून हे सांगत होते. मला दया वाटली नाही, आप्पा, संताप आला. शेठपुढे तुम्ही अडून बसलात, तेही स्वतःच्या हातासाठी. माझ्यासाठी तुमच्याकडे दोरा होता. ज्या टेबलाशी तुमचा डावा हात सुखानं चालत होता, त्याच टेबलापुढे माझा हात झटकलात. लोक हसतात याची तुम्हाला भीती होती, समजलं. मग जेवताना एकदा जवळ बसवून सांगायचं होतं की पोरी, मीही तसाच आहे, बाहेर जपून राहा. तेवढ्या एका वाक्यावर मी अख्खं बालपण काढलं असतं. तुम्ही ते वाक्य आईलाही सांगितलं होतंत की नाही, कोण जाणे. तिला विचारायलाही आता ती नाही.

शिकंजा परत बसवायची वेळ आली. तुम्ही माझा उजवा हात एवढा पक्का केलात की आता मला डाव्या टोकाचाच शिकंजा सोयीचा. त्यासाठी तुमचा तो गुटका फोडावा लागला असता. मी पटाशी लावली, हातोडी उचलली आणि खाली ठेवली. तुमच्यावर माया आली म्हणून नव्हे. शेठकडून तुमच्या डाव्या हातासाठी तुम्ही जे मागून घेतलंत, ते माझ्या डाव्या हातालाही हवं होतं. शिकंजा उजव्या टोकालाच पुन्हा बसवला.

आता सकाळी ओट्यावर उभी राहून डाव्या हातानं रंधा मारते. हात ऐकत नाही, फळीला खड्डे पडतात, खांदा भरून येतो. पण मध्येच एखादी ढलपी सलग, लांब निघते, आणि तेव्हा मला तुमचा राग सर्वांत जास्त येतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा एक सांगून टाकायला हरकत नाही. गल्लीत कोणाची चाहूल लागली की मी रंधा पटकन उजव्या हातात घेते.